भगवतीच्या किल्ल्यावरील सूर्यास्त

रत्नागिरीस पाहुणे आले म्हणजे त्यांस लोकमान्यांचें जन्मस्थान, थिबा राजाचा वाडा, पतितपावन मंदिर, आणि मग वेळ उरल्यास मांडवीचा किनारा, अशा क्रमानें हिंडवून आणण्याचा येथें घरोघर परिपाठ आहे. भगवतीच्या किल्ल्याची पाळी सर्वांच्या शेवटीं. आणि तोंपर्यंत बहुधा सूर्य मावळून गेलेला असतो. देवीचें दर्शन दिव्याच्या उजेडांत घ्यावयाचें, काळोखांत समुद्राचा नुसता आवाज ऐकावयाचा, आणि "किल्ला छान आहे हो" असें म्हणत पाहुण्यांनीं रात्रीच्या गाडीस निघावयाचें. आमच्या मतें हा क्रम उलटा असावा. बाकीचें सर्व उन्हांत पाहून चालतें. किल्ल्यासाठीं मात्र दिवसाची शेवटची घटका राखून ठेविली पाहिजे, आणि तिच्या निदान तासभर आधीं पायथा गांठला पाहिजे.

या किल्ल्याचें कागदोपत्रीं नांव रत्नदुर्ग. बहामनी अमदानींत तो बांधला गेला, पुढें आदिलशाहीकडे आला, १६७० सालीं शिवछत्रपतींनीं तो घेतला, आणि १८१८ सालीं पेशवाईबरोबर तो इंग्रजांच्या हातीं गेला. वरून पाहिल्यास त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. सुमारें १२० एकरांचें हें भूशिर तीन बाजूंनीं समुद्रांत शिरलें आहे व एकाच बाजूनें जमिनीस धरून राहिलें आहे. एका उंचवट्यावर बालेकिल्ला व त्यांत भगवतीचें मंदिर. दुसऱ्या टोकास १८६७ सालीं उभारलेलें दीपगृह. आणि दोहोंच्या मधल्या सखल भागांत पेठकिल्ला. सगळें काम आपल्या कोंकणच्या तांबड्या जांभ्याचें. खालीं मिरकरवाड्याचें बंदर आणि त्यांत मासेमारीच्या बोटींची दाटी.

चढ म्हणाल तर नांवाचाच. पायथ्यापर्यंत मोटार जाते, आणि तेथून पायऱ्या आहेत. सह्याद्रीचे गड पालथे घालणारे तरुण यास चढ म्हणणारहि नाहींत. परंतु साठी उलटलेल्या चार गृहस्थांस, त्यांतून एकाची दृष्टि अधू असतां, त्या पायऱ्या हा विचार करण्याजोगा विषय होता. आणि त्याच कारणासाठीं ही हकीकत लिहावीशी वाटली.

आमच्या मंडळींत नाना म्हणून एक आहेत. टपालखात्यांत हयात घालविली. हजारों पत्रांवरील गिचमिड अक्षरें लावण्यांत ज्यांचा हातखंडा, त्याच नानांच्या डोळ्यांस काचबिंदू झाल्याचें तीन वर्षांपूर्वीं उघडकीस आलें. वाचकांपैकीं अनेकजण मोतीबिंदू आणि काचबिंदू यांस भावंडें समजतात. तशी गोष्ट नाहीं. मोतीबिंदूंत डोळ्याचें भिंग गढूळ होतें. शस्त्रक्रियेनें तें काढून दुसरें बसवितात, व माणूस पुन्हां पेपर वाचूं लागतो. काचबिंदूंत डोळ्यांतून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते. बहुधा डोळ्याच्या आंतील दाब वाढल्यामुळें. जी दृष्टि गेली ती गेलीच. औषधाचे थेंब नियमानें घालून उरलेली राखावयाची, एवढेंच हातांत. बरें, त्यांत बहुतेक वेळां दुखत नाहीं, खुपत नाहीं, आणि पहिल्यानें नजर कडेनें जाऊं लागते, म्हणून समोरचें अक्षर स्वच्छ दिसत असतां रोग्यास कांहीं कळतच नाहीं. नानांस कळलें तें असें कीं, जेवतांना डावीकडील चटणी त्यांस दिसेना, आणि दाराच्या चौकटीस खांदा वारंवार आपटूं लागला. घरांत एकास हा विकार असला तर भावंडांनीं व मुलांनीं, आणि एरव्हींहि चाळिशीनंतर प्रत्येकानें, डोळ्यांचा दाब एकवार तपासून घ्यावा असें डॉक्टर सांगतात. नानांच्या धाकट्या बंधूंनीं तो तपासला, तों त्यांच्यांतहि आरंभ झालेला आढळला. परंतु वेळेवर थेंब सुरू झाल्यानें त्यांची दृष्टि आज शाबूत आहे. हें विषयांतर खरें, पण कोणाच्या तरी उपयोगीं पडेल.

तर नानांनीं गेल्या कार्तिकांत एके दिवशीं आम्हांस एकाएकीं म्हटलें, "मास्तर, मला एकदां किल्ल्यावरून सूर्यास्त पाहावयाचा आहे. पुढच्या वर्षीं जाऊं, असें कोणीं म्हणूं नका."

नानांच्या घरीं हें कळतांच एकच गहजब उडाला. चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनीं दूरध्वनीवरून साफ मनाई केली. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, चढतांना एक वेळ ठीक, पण उतरतांना काळोख होणार. मांडीचें हाड मोडलें म्हणजे या वयांत माणूस अंथरुणावरून उठत नाहीं. त्यांचें म्हणणें चुकीचें नव्हतें. काचबिंदूच्या रोग्यास संधिप्रकाशांत पायरीची कड ओळखतां येत नाहीं, ही अनुभवाची गोष्ट आहे. आमच्यांतील वकीलसाहेबांनीं अशिलाची बाजू मोठ्या हिरीरीनें मांडली, पण सूनबाईंपुढें त्यांचें कांहीं चालेना. अखेर निकाल दिला तो नानांच्या कुटुंबानें. माई ओटीवर येऊन एवढेंच म्हणाल्या, "जाऊं द्या त्यांना. पण भावोजी, उजेड असतांना वर न्या, आणि उतरतांना त्यांचा हात सोडूं नका."

मग प्रश्न आला मुहूर्ताचा. उतरतांना उजेड हवा, म्हणून शुक्लपक्षाचे शेवटचे दिवस हवेत, हें उघड होतें. मार्गशीर्षी पौर्णिमा सर्वांत सोयीची. परंतु त्या दिवशीं दत्तजयंती, जन्मकाळ ऐन सायंकाळीं, आणि वकीलसाहेब दत्तभक्त. शिवाय पौर्णिमेस चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. त्याचा प्रकाश पायऱ्यांवर पडावयास वेळ लागतो. चतुर्दशीस तो सूर्यास्तापूर्वींच वर येऊन बसलेला असतो. म्हणून चतुर्दशी ठरली.

सूर्यास्ताची वेळ काढण्याचें काम गणिताच्या बापूरावांकडे. ते हायस्कुलांत तीस वर्षें गणित शिकवीत होते, व आम्ही संस्कृत. त्यामुळें आमचा वाद जुनाच. आम्ही म्हटलें, दिवस लहान होत चालला आहे, तेव्हां मार्गशीर्षांत कार्तिकापेक्षां सूर्य लवकर मावळेल. बापूरावांस एवढेंच निमित्त पुरलें. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा खरा; पण रत्नागिरीस सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त हा त्याच्या जवळजवळ महिनाभर आधीं, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत, सहाच्या सुमारास होतो. त्यानंतर दिवस आखूड होत असूनहि सूर्य रोज थोडा थोडा उशीरां मावळूं लागतो. कारण असें कीं, डिसेंबरांत एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ घड्याळाच्या चोवीस तासांहून सुमारें अर्धा मिनिट अधिक असतो. म्हणजे मध्यान्हच रोज पुढें सरकतें, आणि त्याच्याबरोबर उदय व अस्त दोन्ही. त्यांत आणखी भर अशी कीं, आपली प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाची, आणि रत्नागिरी सुमारें ७३ अंश १८ कलांवर. दर अंशास चार मिनिटें धरल्यास आपलें घड्याळ सूर्याच्या सुमारें ३७ मिनिटें पुढें धांवतें. असा सर्व हिशेब करून बापूरावांनीं सहा वाजून दोन मिनिटें ही वेळ जाहीर केली, आणि पंचांगांत पाहतां ती बरोबर निघाली. त्यांच्या चेहऱ्यावरील समाधान आम्हांस त्या दिवशीं सूर्यापेक्षांहि तेजस्वी वाटलें.

चार वाजतां रिक्षा करून निघालों. सोबत चहाचा थर्मास, आंबापोळी, भाजलेल्या शेंगांची पुडी, आणि माईंनीं आग्रहानें दिलेली घडीची काठी. वाटेंत परसांतून कोठें कोठें आंब्यास मोहोर धरलेला दिसत होता. नानांस तो दिसला नाहीं, पण वास त्यांनाच आधीं आला.

पायऱ्या चढतांना वकीलसाहेब पुढें, मग नाना, त्यांच्या कोपरास आमचा हात, आणि मागें बापूराव. नानांचे ओंठ एकसारखे हालत होते. पाहणाऱ्यास वाटावें कीं रामनामाचा जप चालला आहे. मध्येंच थांबून ते काठीनें पायरीची कड चांचपीत, थोडे पुटपुटत, आणि पुढें चालूं लागत. बोलावयास कोणी लागलें तर हातानें गप्प बसण्याची खूण करीत. अशा रीतीनें दोन ठिकाणीं विसावा घेऊन आम्ही वर पोहोंचलों. कोणासहि धाप म्हणण्याजोगी लागली नाहीं. वकीलसाहेबांनीं मात्र विसाव्यासाठीं दोन्ही वेळां देखाव्याचें कारण पुढें केलें.

देवीचें दर्शन घेऊन पश्चिमेकडील तटाशीं आलों तेव्हां सूर्यास्तास अर्धा तास होता. तटाशीं जागोजाग मंडळी जमली होती. त्यांतील बहुतेक सूर्याकडे पाठ करून, हात लांब करून, स्वतःचीं छायाचित्रें काढण्यांत गुंतलीं होतीं. एका परीनें तें बरेंच. कारण भगवान् मनूनें चौथ्या अध्यायांत स्नातकास उगवता सूर्य पाहूं नये, मावळता पाहूं नये, ग्रहण लागलेला, पाण्यांत प्रतिबिंबित झालेला व माथ्यावर आलेलाहि पाहूं नये, असें सांगून ठेविलें आहे. आम्हीं हें बोलून दाखवितांच नाना म्हणाले, "मास्तर, मनु मला आतां काय शिक्षा करणार? ती आधींच भोगून झाली आहे." यावर वकीलसाहेब मोठ्यानें हांसले, पण आम्हांस हांसूं आलें नाहीं. मनूच्या वचनांतील धर्माचा भाग कोणी मानो वा न मानो, व्यवहाराचा भाग पक्का आहे: सूर्य डोळे दिपवीत असेपर्यंत त्याकडे टक लावून पाहिल्यास दृष्टिपटलास कायमची इजा होते. म्हणून बिंब तांबूस होईपर्यंत आम्हीं नानांस तटाच्या आंतल्या बाजूस तोंड करून बसविलें व चहा दिला.

त्या बाजूस गांव. त्याच गांवांत थिबाचा वाडा. ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजास इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत करून पुढील वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें. १९१० सालीं त्याच्यासाठीं हा वाडा तयार झाला, आणि १९१६ सालीं तो येथेंच वारला. मंडालेच्या राजास रत्नागिरी दाखविली, आणि याच रत्नागिरींत १८५६ सालीं जन्मलेल्या टिळकांस १९०८ ते १९१४ या काळांत मंडालेचा तुरुंग दाखविला. सरकारचा हा अदलाबदलीचा व्यवहार आम्ही वर्गांत मुलांस सांगत असूं तेव्हां मुलें प्रथम हांसत, आणि मग गप्प होत. थिबाचें मंडाले येथून पूर्वेस. म्हणजे येथें आपल्या डोळ्यांदेखत बुडणारा सूर्य मंडालेस तासाहून अधिक वेळ आधींच बुडून गेलेला असतो. वाड्यांतून समुद्राकडे पाहत बसणाऱ्या त्या राजास रोज आपल्या राजधानीतली शिळी संध्याकाळ मिळत होती.

पावणेसहाच्या पुढें बिंब तांब्याच्या परातीसारखें झालें. तें नीट पश्चिमेस नव्हतें; या दिवसांत तें पश्चिमेपासून सुमारें २२-२३ अंश दक्षिणेकडे, म्हणजे दीपगृहाच्या बाजूस झुकून मावळतें. नानांचा चेहरा आम्हीं त्या दिशेस वळविला. क्षणभर त्यांस कांहीं सांपडेना. मान किंचित् खालीं, किंचित् डावीकडे; आणि मग ते एकदम स्तब्ध झाले.

"सांपडला," ते म्हणाले. "अख्खा आहे. कड न् कड दिसते आहे."

काचबिंदू कडेकडून खात येतो व मध्यभागीं नळीएवढी दृष्टि शेवटपर्यंत राहते. त्या नळींत सूर्याचें बिंब बरोबर बसलें होतें. परंतु त्यांनीं लगेच विचारलें, "समुद्र कोठें आहे? मला सूर्य दिसतो, पण त्याच्या भोंवतालचें कांहींच नाहीं. तुम्ही सांगा."

आमच्यांत कोणी बोलूनचालून वर्णनकार नव्हे. पण कामें वांटून घेतलीं. वकीलसाहेबांनीं डावी बाजू घेतली: दीपगृह, त्याखालचा काळा कडा, त्यावर फुटणारा फेंस, दोन घारी. आम्हीं उजवी घेतली: पाण्यावरचा सोनेरी पट्टा येथपर्यंत आला आहे, तीन बोटी बाहेर चालल्या आहेत, तिसरीवर दिवा लागला आहे. बापूराव घड्याळ हातांत धरून आंकडे सांगत होते. कुमारसंभवाच्या आठव्या सर्गांत गंधमादन पर्वतावर भगवान् शंकर पार्वतीस मावळत्या सूर्याचें असेंच बारीक वर्णन करून सांगतात. हा सर्ग जुने शास्त्री विद्यार्थ्यांस शिकवीत नसत, त्यांतील शृंगारामुळें. आणि आम्हींहि तो वर्गांत कधीं घेतला नाहीं. परंतु त्यांतला सूर्यास्त घरीं अनेकदां वाचला. वाचतांना मनांत येई कीं, पार्वती तेथेंच तर बसली आहे. तिला दिसत असतां सांगावयाचें कशास? त्या दिवशीं तटावर बसून सांगतांना असें ध्यानांत आलें कीं, सांगूं लागल्यावर सांगणाऱ्यासच अधिक दिसूं लागतें. तिसऱ्या बोटीवरचा दिवा एरव्हीं आमच्या लक्षांतहि आला नसता.

"खालची कड टेंकली," बापूराव म्हणाले. आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणें लगेच जोडलें, "वास्तविक आतां सूर्य तेथें नाहींच." हें ऐकून शेजारची एक मुलगी चमकून पाहूं लागली, तेव्हां त्यांनीं तिलाहि समजावून दिलें. क्षितिजाजवळ प्रकाशकिरण हवेच्या दाट थरांतून वांकून येतात, त्यामुळें बिंब आहे त्याहून सुमारें ३४ कला उचललेलें दिसतें. आणि बिंबाची रुंदी अवघी ३२ कला. म्हणजे खालची कड पाण्यास टेंकलेली दिसते त्या क्षणीं खरा सूर्य संपूर्ण क्षितिजाखालीं गेलेला असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षां अधिक उचलली जाते, म्हणून बिंब चपटेंहि दिसतें.

"म्हणजे मी नसलेला सूर्य पाहतों आहें?" नाना म्हणाले.

"आपण सगळेच," बापूराव म्हणाले.

टेंकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम अडीच मिनिटें लागतात. डिसेंबरांत आमच्या किनाऱ्यावर क्षितिजापाशीं बहुधा धुरकट पट्टा असतो, आणि पुष्कळदां सूर्य पाण्यास लागण्यापूर्वींच त्यांत विरून जातो. त्या दिवशीं पट्टा विरळ होता. शेवटची कोर नखाएवढी राहिली, ती लाल ठिणगीसारखी झाली, आणि गेली. टाळ्या पिटण्याची एक नवी पद्धत हल्लीं निघाली आहे. मंडळींनीं टाळ्या पिटल्या व लगोलग उतरावयास सुरुवात केली. सूर्य बुडतांच उठून जाणें म्हणजे आमच्या मतें आरती झाल्यावर प्रसाद न घेतां निघणें होय. कारण खरी मौज त्यानंतर पूर्वेस असते. पांचसात मिनिटांनीं पूर्व क्षितिजावर राखाडी-निळसर पट्टा चढूं लागतो, आणि त्याच्या माथ्यावर फिकी गुलाबी किनार. तो निळसर पट्टा म्हणजे हवेवर पडलेली प्रत्यक्ष पृथ्वीची सावली. आम्हीं नानांस वळविलें. सावलीचा पट्टा त्यांस ओळखूं आला नाहीं. परंतु त्याच्या कितीतरी वर चढलेला चतुर्दशीचा चंद्र त्यांच्या नळींत नीट बसला. माघ कवीनें रैवतक पर्वताच्या एका अंगास मावळतें व एका अंगास उगवतें बिंब पाहून हत्तीच्या दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या घंटांची उपमा दिली, व त्यावरून लोकांनीं त्यास 'घण्टामाघ' म्हटलें, ही गोष्ट आम्हीं सांगितली. नानांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "मास्तर, उजेड आणखी किती मिनिटें?"

"सूर्यास्तापासून वीस-बावीस मिनिटें पायांपुरता. त्यांतलीं दहा गेलीं."

"मग उठा."

उतरतांना त्यांनीं पुन्हां पुटपुटणें सुरू केलें, आणि या वेळीं आवाज जरा मोठा होता. "अकरा, बारा, येथें उंच आहे. तेरा. आतां सपाटी, नऊ पावलें. डावीकडे वळण." चंद्राचा उजेड पायऱ्यांवर चांगला पडला होता, पण त्यांची नजर खालीं नव्हतीच. ते डोळे मिटून उतरत होते. वकीलसाहेब घाबरून म्हणाले, "अहो नाना, डोळे उघडा!"

"उघडे ठेवून काय करूं? मिटून जमतें कीं नाहीं तें पाहतों आहें. डॉक्टर म्हणतात थेंब लागू पडताहेत. पण पडले नाहींत, तर वाट पाठ असलेली बरी. हात मात्र सोडूं नका."

आम्ही हात सोडला नाहीं. मागें दीपगृहाचा झोत सुरू झाला होता, खालीं बंदरांतले दिवे लागले होते. शेवटची पायरी उतरल्यावर नानांनीं डोळे उघडले व आंकडा सांगितला. बापूराव मागून येतांना तेहि मोजीत होते. त्यांचा आंकडा दोननें अधिक निघाला. नानांचें म्हणणें, देवळाच्या आवारांतून बाहेर पडतांना जो उंबरठा लागतो तो पायरींत धरावयाचा नाहीं. बापूरावांचें म्हणणें, पाय उचलावा लागला कीं ती पायरी. आणि दुसरी चूक कोणाची? वकीलसाहेबांनीं दोन्ही पक्षांस पुराव्यानिशीं हजर राहण्याचा हुकूम केला. पायथ्याशीं रिक्षावाला वाट पाहत होता. त्यासहि विचारून पाहिलें, पण त्यानें पायऱ्या कधीं मोजल्या नव्हत्या. पौष शुद्ध चतुर्दशीस पुन्हां यावयाचें ठरलें आहे. त्या दिवशीं सूर्य किती वाजतां मावळतो, तें बापूराव काढून ठेवणार आहेत.